गुण्या

गुण कमी पडले, म्हणून गुण्या हातात आला,
असं आमच्या बॅचचा लिंबाजी दुधाटे म्हणतो
आणि स्वतःच हसतो.
मला तर पहिल्या दिवशी ठाऊकही नव्हतं
काटकोन तपासायला वेगळं हत्यार असतं ते.

परभणीचं आयटीआय. फिटर ट्रेड.
पहिले दोन महिने नुसतं घासणं.
लोखंडाचा तुकडा वाइसमध्ये आवळायचा, कानस चालवायची.
पुढं दाब, मागं सैल.
पुढं दाब, मागं सैल.
घनसावंत सर पाठीमागून येतात, खांदा धरतात,
"गाजर खिसायलास का रे? जोर अंगातून येऊ दे."
मग जॉब खिडकीकडं धरायचा,
त्यावर गुण्या टेकवायचा, एक डोळा मिटायचा.
मधून उजेड दिसला, की परत घास.

सकाळची मानवत-परभणी बस.
निळा शर्ट दप्तरात, डब्याखाली, घडी करून.
अंगात चौकडीचा.
स्टँडवरच्या मुतारीमागं बदलतो.
मी एकटा नाही. आम्ही तिघं-चौघं तिथं रोज भेटतो
आणि भेटल्याचं दाखवत नाही.

"काय करायलास सध्या?"
शाळेतले जुने मास्तर, शेजारच्याच सीटवर.
"डिप्लोमा."
"कशात?"
"मेकॅनिकल."
कोल्हा पाटी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहतो.
याच मास्तरांनी भर वर्गात म्हटलं होतं,
अभ्यास करा नाहीतर पाने फिरवत बसाल.
पाना फिरवायलाही शिकावं लागतं, सर,
हे मी मनात म्हणतो. मनातच.

चुलतभाऊ ऋतुराज लातूरला. नीट, तिसऱ्यांदा.
काकू लग्नात सांगते, आमचा लातूरला असतो.
पुढं काही सांगावं लागत नाही.
आई म्हणते, आमचा परभणीला असतो,
आणि लगेच विचारते, जेवणं झाली का तुमची?

दिवाळीत त्यानं माझा जॉब हातात घेतला,
अंगठा फिरवला.
"कितीला विकतात हे?"
"विकत नाहीत. मार्क देतात."
"किती पडले?"
"दहापैकी सात."
"माझ्यापेक्षा बरे की."
दोघंही हसलो. मग बराच वेळ
कुणीच काही बोललं नाही.

इलेक्ट्रिशियनच्या वर्गात तबस्सुम आहे.
दर्गा रोडवरून गणवेशातच येते,
वरच्या खिशात टेस्टर, पेनासारखा.
लिंबाजीनं एकदा विचारलंच, लाज नाही वाटत?
"वाटते ना," ती म्हणाली,
"पण शर्ट बदलायला टाइम कुठाय?
आज दोन पंखे दुरुस्त करून आले."

लिंबाजीचा थोरला चाकणला गेला होता.
अकरा महिन्यांनी कंपनीनं हात झटकले.
आता गावात मोटारी बांधतो, म्हणतो बरंय.
कधी म्हणतो, बरं नाही.
दोन्ही वेळा चेहरा सारखाच.

एकदा सर सांगून गेले, कुणी विचारलं नसताना,
की त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनीअरिंगला आहे.
वर्ग गप्प.
मग त्यांनी माझ्या हातातली कानस घेतली
आणि माझा जॉब स्वतःच घासत राहिले,
घंटा झाली तरी.
त्यांच्या हाताखाली लोखंडाचा आवाजसुद्धा वेगळा येतो.

काल एका बाजूनं उजेड दिसला नाही.
तीन बाजू राहिल्यात.

आज उशीर झाला,
म्हणून निळा शर्ट आत घालूनच निघालो, वर चौकडीचा.
बसमध्ये मास्तर होते.
गळ्यापाशी बघत होते, मी हात लावून पाहिलं,
निळी कॉलर बाहेर आली होती.
आत ढकलली नाही.
पूर्ण बाहेरही काढली नाही.